दोनदा दाबायचा ब्रेक

सोसायटीच्या अँबॅसिडरचा ब्रेक दोनदा दाबावा लागतो, हे अख्ख्या नांदूरघाटात एकट्या धोंडीरामला ठाऊक होतं, आणि ते दुसऱ्या कुणाला कळू द्यायची त्याची तयारी नव्हती. पहिल्या दाबाला पेडल गपकन खाली बसायचं. सोडून लगेच पुन्हा दाबलं की मग कुठं गाडी धरायची. मास्टर सिलिंडर गळत होता. पायाचा जोर ऑइलच्या नळ्यांतून चारी चाकांपर्यंत पोचवणारा हा भाग. या गाडीत तो ड्रायव्हरच्या पायाखालीच, पत्र्याच्या झाकणाआड बसवलेला. शहाण्या माणसानं दुसऱ्याच दिवशी मेकॅनिक गाठला असता. धोंडीरामनं डिकीत ब्रेक ऑइलची बाटली ठेवली आणि कुणी बघत नसताना भर घालायला सुरुवात केली.

याला कारण मोहनराव. मोहनराव म्हणजे चेअरमन आबासाहेबांचे मेव्हणे. पोळ्याच्या सुमारास धोंडीराम तापानं अंथरुणाला खिळलेला असताना त्यांनी मोठ्या ऐटीत गाडी काढली आणि सोसायटीच्या गोदामाच्या फाटकावर नेऊन घातली. बंपर वाकला, मोहनरावांचं नाक सुजलं, आणि आबासाहेब चारचौघांत म्हणाले, “ही गाडी धोंडीरामबिगर कुणाचंच ऐकत न्हाई.” झालं! त्या दिवसापासून धोंडीराम जमिनीवर चालेना. लग्नाच्या पंगतीत त्याला संचालकांच्या रांगेत बसवायला लागले. हॉटेलवाला त्याचा चहा आधी द्यायला लागला. हे सगळं त्या गळक्या सिलिंडरच्या कृपेनं होतं, आणि म्हणून तो दुरुस्त होऊ नये अशी त्याची मनापासून इच्छा होती.

त्या साली पावसानं असा दगा दिला की बाहत्तरच्या दुष्काळाच्या गोष्टी सांगणाऱ्या म्हाताऱ्यांना पुन्हा मान मिळाला. सोसायटीनं जनावरांची छावणी उघडली आणि पाण्यासाठी टँकर घेतला. टँकरवर ड्रायव्हर आला शहादेव. तिशीच्या आतला, अंबाजोगाईच्या गॅरेजात हात काळे करून आलेला, बोलायला गोड. वस्त्यांवरच्या बाया वाट बघायच्या टँकरची, पण ओरडायच्या “शहादेव आला, शहादेव आला!” धोंडीराम इतकी वर्षं गाडी घेऊन गावात शिरत होता, त्याच्याकडे कधी कुणी असं धावत आलं नव्हतं. येणार तरी कशाला? त्याच्या गाडीत आबासाहेब असायचे, पाणी नव्हे. पण जळणाऱ्या माणसाला हे कुणी सांगावं?

घरी तर त्याहून कहर. त्याची बायको रतनबाई रोज भाकरीबरोबर शहादेव वाढायची. “शहादेवनं पारूबाईच्या डोक्यावर सोता घागर ठिवली.” “शहादेव टँकर धुतो तरी सांडलेलं पाणी वासराला पाजतो.” धोंडीराम अर्ध्या भाकरीवरून उठायचा. त्यात एके दिवशी आबासाहेब म्हणाले, “पाऊस पडला की टँकर जाईल, पर ह्ये पोरगं सोडायचं न्हाई.” सोसायटीला दोन ड्रायव्हर कशाला पोसायचे आहेत, हे धोंडीरामला सांगावं लागलं नाही.

वैशाखात एका सकाळी शहादेवनं टँकर गाडीच्या शेजारी उभा केला. चहूकडे नुसता फुफाटा, कुठं ओलीचं नाव नाही, आणि गाडीखाली मात्र हाताएवढा ओला डाग. धोंडीराम रोज त्यावर पायानं माती सारायचा. नेमका त्या दिवशी विसरला. शहादेवनं वाकून बोट लावलं, वास घेतला आणि सरळ आबासाहेबांपुढं जाऊन उभा राहिला.

“आबासाहेब, गाडीचा मास्टर गळतोय. अशी चालवनं बरं न्हाई.”

“व्हय रे धोंडीराम?” आबासाहेबांनी विचारलं.

“आजच दिसतंय,” धोंडीराम बोलला. त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. चुगलीच करायची होती तर आधी माझ्या कानात करायची, असं त्याला वाटलं. कानात केली असती तर आपण काय केलं असतं, हे त्यानं स्वतःला विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी चाऱ्याच्या मीटिंगला बीडला जायचं होतं. आबासाहेबांनी हुकूम सोडला, आजच्या आज काम उरका. शहादेव एसटीनं अंबाजोगाईला गेला आणि रबरांचं किट, ऑइलचा डबा घेऊन दुपारी परत आला. गोदामापुढच्या लिंबाखाली त्यानं गाडीतलं जाजम काढलं, पत्रा उचलला, सिलिंडर खोलून बाहेर घेतला. आतल्या रबरांच्या कडा उंदरानं कुरतडल्यासारख्या झाल्या होत्या. नळकांडं मात्र आतून चांगलं होतं. त्यानं ते बारीक पॉलिशपेपरनं हलक्या हातानं घासलं, ब्रेक ऑइलनंच धुतलं, नवी रबरं ओली करून एकेक आत सरकवली. छावणीवरची रिकामी माणसं भोवती गोळा झाली. जो तो वाहवा करत होता. धोंडीराम बाजूला उभा राहून बिडी ओढत होता आणि एखादं रबर तरी उलटं बसावं म्हणून देवाला साकडं घालत होता.

एकही उलटं बसलं नाही. राहिलं होतं फक्त हवा काढणं. नळ्यांत शिरलेली हवा बाहेर काढल्याशिवाय ब्रेक लागत नाही, आणि हे काम एकट्याचं नव्हे. एकानं गाडीखाली चाकापाशी पडायचं, दुसऱ्यानं वर बसून पेडल दाबायचं. खालच्यानं छोटा नट सैल केला की हवा न् ऑइल बाहेर येतं. तो परत आवळला जाईपर्यंत वरच्यानं पेडल तळाशी धरून ठेवायचं. आधीच पाय उचलला तर हवा पुन्हा आत.

“मामा, तुमी बसा वर,” शहादेव म्हणाला आणि तापल्या मातीत गाडीखाली शिरला. “दाबा... धरा... सोडा. दाबा... धरा...”

धोंडीराम आपल्या जागेवर बसला होता. हीच जागा जाणार होती. ब्रेक एकदा नीट झाला की ही गाडी शहादेवचं ऐकेल, मोहनरावांचं ऐकेल, कुणाही सोम्यागोम्याचं ऐकेल. ‘सोडा’ म्हणायच्या आधी त्यानं पाय उचलला. अगदी थोडा आधी.

हवा काही संपेना. शहादेव एका चाकावरून दुसऱ्यावर गेला, पुन्हा पहिल्यावर आला. ऑइल त्याच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं, कपाळाची माती घामानं चिखल झाली. डब्यात तळाला थोडंच ऑइल उरलं, तेव्हा तो बाहेर आला. धोंडीरामच्या पायाकडे त्यानं जरा वेळ पाहिलं.

“मामा, पाय लवकर उठतोय.”

“मला शिकवतो का बे? तू गाडीचं चाक बघितलं न्हवतं तवापासून मी ब्रेक दाबतोय.”

तेवढ्यात रतनबाई चहाची किटली घेऊन आली. शहादेवनं तोंड पुसलं आणि सहज म्हणाला, “मामी, तुमी बसता का जरा? मामा दमलेत.”

“मी? गाडीत?” रतनबाईनं पदर खोचला. नवऱ्यानं आजवर तिला या गाडीच्या मागच्या सीटवरसुद्धा बसवलं नव्हतं. ती धोंडीरामकडे बघून म्हणाली, “अवो, सरका की.”

भोवतीची माणसं हसली. धोंडीरामला उतरावंच लागलं. रतनबाई सीटच्या कडेला सरकून बसली, पाय पुरवला आणि शाळेतल्या पोरीसारखी कान देऊन राहिली. दाबा म्हटलं की दाबायची, धरा म्हटलं की धरायची, आणि ‘सोडा’ ऐकल्याशिवाय अंगठासुद्धा हलवायची नाही. चारी चाकं झाली. पेडल दगडासारखं घट्ट झालं.

“अगं बया, लई सोपं हाय की ह्ये!” रतनबाई खाली उतरत म्हणाली. धोंडीरामला त्या क्षणी बायकोचा, शहादेवचा, हसणाऱ्या सगळ्या माणसांचा आणि त्या पेडलचा सारखाच राग आला.

“चला, एक चक्कर मारून बघू,” आबासाहेब मागच्या सीटवर बसले. “धोंडीराम, घे गाडी.”

धोंडीराम छाती काढून बसला. शहादेव शेजारी. एसटी स्टँडपर्यंत गाडी छान गेली. तिथं छावणीकडं निघालेल्या म्हशी आडव्या आल्या आणि धोंडीरामनं ब्रेक मारला. त्याच्या पायानं इतके महिने जे केलं तेच केलं. पहिला दाब वायाच जायचा, म्हणून तो जीव खाऊन मारायचा, सोडायचा आणि पुन्हा तसाच मारायचा. गाडी म्हशींच्या पुष्कळ अलीकडे खाडकन थांबली, सुटली, पुन्हा खाडकन थांबली आणि बंद पडली. आबासाहेबांची टोपी पुढच्या सीटवर येऊन पडली. स्टँडवरचे लोक टाळ्या वाजवायचे तेवढे राहिले.

“काय बे, आजच शिकलास का गाडी?” आबासाहेब मागून खेकसले.

धोंडीरामनं गाडी पुन्हा सुरू केली. पुढच्या वळणावर तो स्वतःला बजावत होता, एकदाच, हळू, एकदाच. पायानं ऐकलं नाही. पुन्हा दोन दणके बसले आणि आबासाहेबांनी समोरची सीट दोन्ही हातांनी धरली.

शहादेव रस्त्याकडे बघत नव्हता. तो धोंडीरामच्या पायाकडे बघत होता. दाब, सोड, दाब. मेकॅनिकला याहून जास्त काय सांगावं लागतं? धोंडीरामनं डोळ्याच्या कोपऱ्यातून त्याचा चेहरा पाहिला आणि त्याला कळलं की याला कळलं. आता हा सांगणार. आपण आबासाहेबांना न् संचालकांना इतके महिने फुटक्या ब्रेकवर घाट उतरवला, हे आता गावभर होणार. नोकरी तर जाणारच, तोंडही दाखवायची सोय राहणार नाही.

“नवं रबर हाय, आबासाहेब,” शहादेव मागं वळून म्हणाला. “असाच ताठ लागतो. मामाची काय चूक न्हाई.”

आबासाहेबांनी टोपी झटकली आणि विषय संपला. धोंडीरामला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. ज्याच्यावर इतके दिवस जळलो त्यानंच झाकून घ्यावं, हे त्याला चुगलीपेक्षा जास्त झोंबलं.

गोदामापाशी आबासाहेब उतरून गेल्यावर दोघंच उरले. शहादेव पान्हे पुसून पिशवीत भरत होता.

“कवापासून, मामा?”

“पोळ्यापासून.”

शहादेवचे हात थांबले. माघ महिन्यात त्याची बायको शिवकन्या अडली होती. टँकरमधून नेता येईना, तेव्हा आबासाहेबांनी हीच गाडी दिली होती. मांजरसुंब्याचा घाट उतरून धोंडीरामनंच तिला बीडच्या सरकारी दवाखान्यात पोचवलं होतं. लेकरू आणि बाई दोन्ही सुखरूप घरी आली होती.

“म्हंजी तवा बी,” शहादेव म्हणाला.

धोंडीराम पायानं माती सारायला लागला.

“ती घाटात लई भेली होती. मी मागं तिला धरून म्हनत होतो, भिऊ नगं, गाडीवर धोंडीराममामा हायत.”

एवढंच बोलून त्यानं पिशवी उचलली आणि तो टँकरकडे गेला. त्यानं शिव्या घातल्या असत्या तर धोंडीरामला उलट चार घालता आल्या असत्या.

सकाळी संचालक गाडीत बसले तेव्हा धोंडीरामनं किल्ली शहादेवपुढं धरली. “तूच घे. माझा पाय दुखतोय,” तो म्हणाला. शहादेवनं त्याच्याकडे पाहिलं आणि काही न विचारता किल्ली घेतली. आबासाहेबांनी तर कारणसुद्धा विचारलं नाही, आणि तेही धोंडीरामला लागलं. इतक्या वर्षांनी माणूस किल्ली सोडतो, कुणी ‘कावून?’ एवढं तरी म्हणायचं होतं.

तो शेजारच्या सीटवर बसला. शहादेव गाडी चांगली चालवत होता, मागं सगळे गप्पांत रंगले होते, आणि धोंडीरामला त्याच्या हाताखालचं स्टिअरिंग बघवत नव्हतं. हेवा काही एका रात्रीत जात नाही, त्याचाही गेला नव्हता. मांजरसुंब्याचा घाट लागला. पहिलं वळण आलं. शहादेवनं ब्रेकवर अलगद पाय ठेवला, गाडी हळुवार मंदावली. धोंडीरामचा उजवा पाय समोरच्या रिकाम्या पत्र्यावर जोरात आपटला, उठला आणि पुन्हा आपटला.

“काय झालं रे?” मागून आबासाहेबांनी विचारलं.

“काय न्हाई,” धोंडीराम म्हणाला.

पुढचं वळण यायच्या आत त्यानं दोन्ही हातांनी गुडघा घट्ट दाबून धरला. तरी पाय उठला. आज गाडीत कुणीच घाबरलेलं नव्हतं, त्याच्याशिवाय. त्याच्या कानात मागच्या सीटवरून शहादेवचा आवाज येत होता, माघातला, कळा देणाऱ्या बायकोला धीर देणारा. आणि घाट अजून निम्माही उतरला नव्हता.