खाऱ्या टाकीत साधं पाणी

मापसाहेबांचा स्वतःच्या सावलीवरही विश्वास नव्हता. ती दुपारी कमी भरते, असं ते म्हणत. वजनमापं तपासण्याच्या खात्यात त्यांनी उभा जन्म काढला होता. तराजू, दुधाची मापं, पेट्रोलचे पंप, सगळ्यांना त्यांच्या हातचं सील बसलं होतं. निवृत्तीनंतर तपासायला उरला एकटा जावई.

जावई शाळेत चित्रकला शिकवायचा. लग्न ठरलं तेव्हाच मापसाहेब म्हणाले होते, "जो हुबेहूब झाड काढतो, तो उद्या माझी सहीही काढेल." तरी बायको गेल्यावर घर खायला उठलं, तेव्हा त्यांनीच दोघांना राहायला बोलावलं. लेक आली, पण अट घालून. "बाबा, याच्यावर एकदा जरी आळ घेतलात, तर त्याच दिवशी आम्ही बॅग उचलू. मग मी परत राहायला यायची नाही." लेक शब्दाला बापासारखीच पक्की होती, म्हणून मापसाहेब तिला भिऊन होते.

बाबांचं मन रमावं म्हणून तिनंच त्यांना समुद्री माशांच्या टाकीचा नाद लावला. हॉलमध्ये काचेची टाकी आली, समुद्री मीठ कालवलेलं पाणी आलं, खडक आले. पाणी मुरेपर्यंत एकही जीव सोडायचा नाही, असं दुकानदारानं बजावलं होतं. तेवढे दिवस मापसाहेब रिकाम्या टाकीसमोर बसून खडकांवर नजर ठेवत राहिले.

अखेर काही गोगलगायी आणि नारिंगी पट्ट्यांचे दोन मासे आले. पिशव्या पाण्यावर तरंगत ठेवल्या, बारीक नळीनं टाकीचं पाणी थेंब थेंब त्यांत सोडलं. मासे पिशवीतून निघून खडकाआड शिरले, पहिली गोगलगाय काचेवर चालू लागली, आणि मापसाहेब चक्क हसले. जावयानं टाळी वाजवताच त्यांनी चेहरा आवळला.

दुकानदार म्हणाला होता, "पाणी आटेल. तेवढं फिल्टरचं साधं पाणी घालत जा. आणि खारेपणा मोजायची ही नळी..."

"नको," मापसाहेबांनी त्याला तोडलं. खाऱ्या टाकीत साधं पाणी! दुधात पाणी घालणारे पकडण्यात ज्याची हयात गेली, त्यालाच हा दीडशहाणा भेसळ शिकवत होता. त्यांनी काचेवर रेघ ओढली, आणि पाणी खाली गेलं की मीठ कालवून रेघेपर्यंत भरू लागले. जावयानं एकदा तोंड उघडलं, "बाबा, आटतं ते पाणी. मीठ तर आतच..."

"जावईबापू, तुम्ही चित्रं काढा."

मग एका सकाळी ते फिरून आले तर टाकीखाली ओल. दुसऱ्या दिवशी जावई हॉलमध्ये पाण्याचा मग पाठीमागे लपवून उभा.

"काय चाललंय?"

"झाडाला पाणी घालत होतो."

घरात झाड एकच होतं आणि तेही प्लास्टिकचं. मापसाहेबांनी मनातल्या मनात पंचनामा केला. याला मासे मारायचेत. मग म्हणेल, म्हाताऱ्याला झेपत नाही, याच्या हातात घर कसं ठेवायचं? आज मासे, उद्या मी! पण लेकीची अट आठवून ते गप्प राहिले. त्यांनी झाकणाला दोरा बांधला आणि गाठीवर लाख ओतून आपला जुना शिक्का उमटवला.

सकाळी लाख फुटलेली होती. मग मात्र त्यांनी फिरायला जायचं नाटक केलं आणि कोपऱ्यावरूनच परतले. जावयाचा हात कोपरापर्यंत टाकीत. मापसाहेबांनी त्याच्या बाजूचा मग हिसकावून घोट घेतला.

"साधं पाणी! माझ्या टाकीत भेसळ! चोर!"

"बाबा, ऐका तरी..."

"काय ऐकू? जिवावर उठलात मुक्या जनावरांच्या!"

लेक दारात उभी होती. आत जाऊन तिनं गॅस बंद केला. संध्याकाळी दोघं बॅगा घेऊन गेली.

भेसळ भरून काढायला हवी म्हणून मापसाहेबांनी मीठ दुप्पट कालवून ओतलं आणि नवं सील लावलं. गोगलगायी काचेवरून एकेक करून गळून पडल्या. मासे कोपऱ्यात धापा टाकू लागले. मापसाहेबांनी सील भिंग लावून तपासलं. सील शाबूत होतं, दाराला कुलूप होतं, आणि घरात दुसरं कोणी नव्हतं.

बाटलीत पाणी घेऊन ते दुकानात गेले. दुकानदारानं खारेपणा मोजायच्या नळीत बघितलं. "अहो, ही टाकी आहे की मिठागर? तुमच्या जावयांनी तर ताळ्यावर आणलं होतं."

"जावयांनी?"

"नळी तेच घेऊन गेले की! म्हणाले, सासरे मीठ घालतात, मी मगभर काढून साधं पाणी घालतो, चालेल ना? मी म्हटलं, सांगून टाका त्यांना. तर म्हणतात, मासे सोडताना ते हसले हो. आता चुकलात म्हणून सांगायचं जिवावर येतं."

मापसाहेबांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी येऊन त्यांनी फोन लावला. जावयानंच उचलला.

"जावईबापू, मी..."

"बाबा, मासे आहेत ना?"

"आहेत. पण जड जातंय त्यांना. गोगलगायी गेल्या."

"घाबरू नका. एक मग काढा, एक मग साधं घाला, आणि थांबा. एकदम सगळं बदललंत तर त्यांना सोसायचं नाही."

मापसाहेबांनी सील तोडलं. एक मग काढून त्यांनी एक मग साधं पाणी ओतलं. "तुम्ही मला आधीच का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर ऐकलं असतंत?"

मापसाहेब खोटं बोलले नाहीत. "नसतं ऐकलं. चूक माझी आहे. मी तुम्हाला चोर म्हणालो. तिला ऐकू जाऊ दे, मोठ्यानं म्हणतो." आणि ते खरंच मोठ्यानं म्हणाले.

पलीकडे कुजबुज झाली. मग लेकीचा आवाज आला. "ऐकलं, बाबा. रविवारी मासे बघायला येऊ आम्ही."

"आणि राहायला?"

"राहायला नाही."

ती चिडून बोलली असती तर बरं, असं मापसाहेबांना वाटलं. ते "बरं" म्हणाले आणि पुढचा मग भरायला स्वयंपाकघरात गेले.