सुकेळ्यांचा डबा

अहवाल अकरा पानांचा होता. दोनशे चौदा माणसं मेली आणि अकरा पानं, त्यातलं पहिलं पान नुसतं दुःख व्यक्त करण्यात गेलेलं.

मी फ्रेडरिक. पापडीला राहतो. कामणच्या रस्त्यावर एका कारखान्यात बत्तीस वर्षं पत्राकाम केलं, आता वाडीतली केळी बघतो. माझी एकुलती एक पोर टिफनी परदेशात नर्स होती. नाताळची सुट्टी संपवून कामावर परत चालली होती. दुसऱ्यांची लढाई चालू होती आणि तिचं विमान वरून जात होतं. ते पडलं. ज्या देशात पडलं त्याचं नाव मी घरात घेत नाही. पहिल्या दिवशी ते म्हणाले, पक्षी धडकला. आठवड्याने म्हणाले, इंजिन बिघडलं. आमच्याकडे केळीचा घड चोरणारासुद्धा पकडल्यावर एकच थाप धरून बसतो. विमानाचे तुकडे तर त्यांनी दोन दिवसांत उचलून नेले आणि त्या शेतावरून बुलडोझर फिरवला. आधी साफसफाई, मग चौकशी.

टिफनी सापडली नाही. सहा आठवड्यांनी तिच्याऐवजी त्या देशाकडून एक पार्सल आलं. त्यात प्लॅस्टिकच्या सीलबंद पिशवीत बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा होता, झाकणावर गुलाबाची चित्रं असलेला. माझ्या बायकोने, मार्गारेटने, त्यात तिला सुकेळी भरून दिली होती. आमच्याच वाडीतली राजेळी केळी, सोलून आठवडाभर उन्हात सुकवलेली, केळीच्याच सोपटात घट्ट बांधलेली. हॉस्पिटलातल्या मैत्रिणी दरवेळी मागायच्या. तिची बॅग आभाळातच फाटली असावी. डबा कुठल्याशा गावाबाहेर पडला होता; तळाला चिकटवलेल्या नावपत्त्यावरून आमच्याकडे आला. विमानाचा प्रत्येक तुकडा वेचून लपवणाऱ्यांना खाऊच्या डब्याकडे बघावंसं वाटलं नाही.

मार्गारेट म्हणाली, रिकामी पेटी मी मातीत घालणार नाही. म्हणून पेटीत डबाच ठेवला, पिशवी न फोडता, आणि खाली टिफनीचा लहानपणीचा, पहिल्या कम्युनियनचा पांढरा झगा. चर्चमध्ये मिस्सा झाली. गावाने मूठमूठ माती दिली. पेटी बंद करताना मला डब्याच्या एका बाजूला अंगठ्याएवढं भोक दिसलं होतं. दिसलं, आणि मी तोंड फिरवलं. बापाने फिरवलं ते ठीक. पत्राकाम करणाऱ्याने फिरवायला नको होतं. त्या देशाचा येतो तेवढाच राग मला याबद्दल स्वतःचा येतो.

चार महिन्यांनी त्यांचा अहवाल आला. आमच्यासारख्या बारा घरांचं काम स्वप्ना नावाची मुंबईची वकील बघते. तिने फोनवर मला तो समजावून सांगितला.

"अंकल, आता ते म्हणतात, आग सामानाच्या कप्प्यात लागली. कुणातरी प्रवाशाच्या बॅगेतल्या वस्तूमुळे."

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. मेलेल्यांच्याच माथी मारलं, म्हणजे उलटून बोलायला कुणी येणार नाही. मी तावातावाने फोन ठेवला, वाडीत गेलो, उगाच दोन फेऱ्या मारल्या. आणि मग ते भोक डोळ्यांसमोर आलं.

पत्रा खोटं बोलत नाही. आतून फुटला तर कडा बाहेर येतात. बाहेरून काही घुसलं तर कडा आत वळतात. त्या भोकाच्या कडा आत वळलेल्या होत्या. कप्प्यात आग लागली म्हणतात, पण झाकणावरचे गुलाब लालच्या लाल होते, काजळीचा डाग नव्हता. आणि भोक एकच होतं. जे आत गेलं ते बाहेर पडलंच नव्हतं. सुकेळ्यांच्या त्या चिकट गठ्ठ्यात ते अजून रुतून बसलेलं होतं.

मी स्वप्नाला परत फोन लावला. भोकाचं सगळं सांगितलं.

"डबा कुठे आहे?"

"कबरीत."

"कुणी उघडला होता?"

"त्यांचंच सील आहे त्याच्यावर, अजून तसंच."

"अंकल, विमानातला एवढासा तुकडा जगात दुसऱ्या कुणाच्या हातात नाही. हा एकच आहे. पंचांसमोर बाहेर काढायला लागेल."

फादर सेबॅस्टियनकडे गेलो. आमच्याकडे कबर पाच वर्षं उघडत नाहीत. मी म्हटलं, "फादर, त्या कबरीत माणूस तरी कुठे आहे?"

"प्रार्थना झाली, पवित्र पाणी शिंपडलं. ती टिफनीचीच कबर आहे, फ्रेडरिक. बिशप हाऊसला मी लिहीन. पण मार्गारेटची सही असल्याशिवाय मी कुदळ मारू देणार नाही."

मार्गारेट रोज सकाळच्या मिस्सेनंतर तिथे मेणबत्ती लावते. त्यानंतरच तिच्या घशाखाली चहा उतरतो. तिला विचारायचं कसं, म्हणून मी दोन दिवस घालवले. शेवटी तिसऱ्या दिवशी ती तांदूळ निवडत असताना सांगून टाकलं.

"नाय," ती म्हणाली.

"पुरावा आहे तो."

"तुमचा पुरावा असेल. माझी पोर हाय ती. तिचं एवढंच हाय माझ्याकडे, ते पन वर काढून तुमी कोर्टात ठेवनार?"

मी भांडलो नाही. ती चुकीचं बोलत नव्हती. मी नुसतं अहवालाचं ते पान तिच्यापुढे ठेवलं आणि एका ओळीवर बोट ठेवून अर्थ सांगितला.

ती निवडायची थांबली. "बॅगेतल्या वस्तूमुळे म्हंजे?"

"म्हणजे कुणाच्याही. आपल्या टिफनीच्यासुद्धा."

"तिच्या बॅगेत काय होतं? दोन साड्या, रोझरी आनि माझी सुकेळी." तिचा आवाज चढला. "माझ्या सुकेळ्यांनी विमान पाडलं?"

"त्यांच्या म्हणण्याप्रमाणे तसंही असू शकतं."

तिने सूप बाजूला सारलं, हात पदराला पुसले. "कुठे करायची सही?"

कबर उघडली त्या दिवशी तहसील कार्यालयाचा माणूस, दोन पंच, स्वप्ना आणि फादर एवढेच होते. मार्गारेट शेवटपर्यंत उभी राहिली. पेटीतून डबा निघाला. प्लॅस्टिक धुरकटलं होतं, सील शाबूत होतं. मी पिशवीवरूनच भोक दाखवलं आणि पंचांना एकेक गोष्ट लिहायला लावली. भोक एक. कडा आत वळलेल्या. जळल्याची खूण नाही. राग असला की माणूस बरोबर काम करतो.

माणसं माती लोटायला लागली तशी मार्गारेटने हात वर केला. "राहू द्या. डबा परत येईल तेव्हा भरू." फादरांनी वर एक पत्रा टाकून घेतला.

डबा प्रयोगशाळेत उघडला. सुकेळ्यांच्या तिसऱ्या थरात लोखंडाचा चौकोनी तुकडा मिळाला, ल्युडोच्या फाशाएवढा. असले तुकडे इंजिनात नसतात, असं तिथल्या तज्ज्ञांनी लेखी दिलं. क्षेपणास्त्र फुटताना असे हजारो उडावेत म्हणूनच ते मुद्दाम भरलेले असतात. म्हणजे कुणीतरी कारखान्यात बसून, मापात, माझ्यासारखंच नीट काम केलं होतं. ते वाचलं आणि मला जेवण गेलं नाही.

परवा त्या देशाचं पत्र आलं. अहवालाबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं. डबा "चुकून" आमच्याकडे पाठवला गेला होता, तो संयुक्त तपासणीसाठी त्यांच्याकडे परत करावा, अशी विनंती होती. खाली तीन सह्या. इतका निर्लज्जपणा मी साठ वर्षांत पाहिला नव्हता. मी स्वप्नाला फोनवर वाटेल ते बोललो, जणू पत्र तिनेच लिहिलं होतं. बिचारीने ऐकून घेतलं आणि विचारलं, "उत्तर काय देऊ, अंकल?"

मार्गारेटने माझ्या हातातला फोन घेतला.

"लिही त्यांना, बाय," ती अगदी हळू म्हणाली. "डबा देते म्हनावं. आधी माझी पोर पाठवा. जागा उघडीच ठेवलीय."