टोकापर्यंत न पोहोचलेला बूट

मी एक जुना बूट आहे, डाव्या पायाचा. जुना म्हटले की वाटा तुडवून झिजलेला, असे तुमच्या मनात येईल. तसे नाही. मित्रांनो, मी आयुष्यात जेमतेम एका सकाळपुरता चाललो. बाकी सारे आयुष्य खोक्यात गेले, आणि उरलेले आता खिडकीत चालले आहे.

कारखान्यात मला जाड चामड्याचे, दुहेरी शिवणीचे बनवले. शिवणाऱ्या बाईने मला उजव्याशी नाडीने बांधले, पाठीवर थाप मारली आणि म्हटले, "जा, जग बघून या." मला तो आशीर्वादच वाटला. ज्याने माणसाला पाय दिले त्यानेच वाटा दिल्या, आणि दोहोंच्या मध्ये आम्हाला ठेवले, अशी माझी भाबडी श्रद्धा होती. अजूनही आहे. फक्त आता ती दुखते.

दुकानातून आम्हाला ताईने घेतले. ताई लाँड्रीत दिवसभर उभी राहून इस्त्री करायची. तिची धाकटी बहीण, जिला सगळे चिमणी म्हणत, बसस्थानकात तिकीट खिडकीवर बसायची. आईवडील लवकर गेले, म्हणून ताईनेच तिला वाढवले होते. त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून समुद्राचा आत वळलेला भाग दिसे, आणि पलीकडे किनाऱ्यावरच्या राखीव जंगलाचे खडकाळ टोक. वर्षातले काही आठवडे तिथे पांढरे पक्षी घरटी करत. इथून पाहिले की खडकावर कोणी मीठ सांडल्यासारखे वाटे. एक दिवस सकाळी निघून, त्या टोकावर उभे राहून ते पक्षी जवळून बघायचे आणि संध्याकाळी परत यायचे, एवढेच दोघींचे लहानपणापासूनचे मागणे होते. चिमणी दिवसभर लोकांना तिकडची तिकिटे द्यायची, आणि स्वतः तिकडे कधीच गेली नव्हती.

बेत मात्र दर महिन्याला व्हायचा. जेवण झाले की टेबल पुसून ताई सगळे मांडायची. मीठदाणी म्हणजे जंगलाचे फाटक. उपडी वाटी म्हणजे वाळूची टेकडी. आडवा चाकू म्हणजे खाडीचे मुख, जे फक्त ओहोटीला पायी ओलांडता येते. आणि त्यापलीकडे बशीची कड म्हणजे टोक. ताई बोटे चालवत नेई आणि चाकूपाशी थांबे. ओहोटी सकाळची हवी, दोघींची सुट्टी एकाच दिवशी हवी, आभाळ कोरडे हवे, पक्षी आलेले हवेत. यांतले काहीतरी हटकून चुकायचे. इस्त्रीवालीच ती, तिला बेतावरसुद्धा सुरकुती चालत नसे. मग ती म्हणायची, पुढच्या खेपेला. चिमणी हसून वाटी सुलटी करायची आणि म्हणायची, "झाली सहल. पाय दुखायला लागले बाई माझे."

त्या रात्रीपुरते आम्ही खोक्यातून बाहेर येत असू. जमिनीवर वर्तमानपत्र पसरून ताई आम्हाला पायांत घाली, दोन पावले टाकी, फडक्याने पुसे आणि कागदात गुंडाळून परत ठेवून देई. शेजारणीला कौतुकाने दाखवी की बघा, अजून दुकानातल्यासारखे आहेत. मीही फुगून जायचो. मला काय ठाऊक, की त्या कौतुकातच माझे मरण होते?

ऐका, मित्रांनो. आमच्या तळव्यात एक मऊ थर असतो. चालताना तो दबतो आणि सुटतो, आणि त्यातच त्याचा जीव राहतो. बंद खोक्यात तो वरून तसाच दिसतो, पण आतून शिळ्या पावासारखा भुसभुशीत होत जातो. मला ते कळत होते. सांगणार कसे? बुटाला जीभ असते, पण वाचा नसते.

मग एका संध्याकाळी चिमणी दवाखान्यातून आली आणि चपला न काढताच खुर्चीत बसली. पायांतली ताकद हळूहळू जाणार आहे, असे डॉक्टरांनी सांगितले होते. चालायचे असेल तर आत्ताच. त्या दिवशी मीठदाणी, वाटी, चाकू काहीच मांडले गेले नाही. पुढच्याच सकाळच्या ओहोटीला जायचे ठरले. इतकी वर्षे न जमलेले एका वाक्यात जमले.

फाटकावरच्या रक्षकाने बजावले, पाणी फिरून भरती लागली की थांबू नका. झाडीतून गेलो, वाळूच्या टेकडीवर चढलो. चिमणी मध्येमध्ये ताईचा हात धरी, पण चालत होती. मी पहिल्यांदा मातीचा वास घेतला, ओली वाळू पायाखाली घेतली. किती सुख होते, काय सांगू. आणि त्याच सुखात मला माझी शिवण उसवत असल्याचे जाणवत होते.

खाडीच्या मध्यावर उजव्याचा तळवा चिखलातच राहिला. चार पावलांवर माझा सुटला. ताईने तुकडे हातात घेतले तर ते चुरा होऊन बोटांतून गळून गेले. ती अनवाणी निघाली, पण तिथल्या खडकांवर शिंपल्यांच्या धारदार कडा होत्या. तिच्या टाचेतून रक्त आले. पलीकडे टोक दिसत होते. पक्ष्यांचा आवाजसुद्धा ऐकू येत होता.

ताई म्हणाली, "तू जा. तुझे वापरातले बूट धड आहेत. बघून ये."

"एकटीनंच बघायचं असतं, तर तिकीट खिडकी बंद करून केव्हाच गेले असते."

"मी जपून ठेवले होते गं," ताई म्हणाली.

चिमणीने तिची टाच रुमालाने बांधली. "माहीत आहे. मलाही तसंच जपलंस तू." आणि हसली. ते हसणे मायेचे होते की आणखी कशाचे, हे मला आजवर कळलेले नाही. मग पाणी फिरले, आणि दोघी मागे वळल्या.

त्या वर्षीचे पक्षी उडून गेले, नंतरच्याही वर्षीचे गेले. आता चिमणी पलंगावर असते. तिला उठून बसवावे लागते. तिने मला फेकू दिले नाही. तेवढीच आपली सहल, म्हणाली, आणि पलंगाजवळच्या खिडकीत मला ठेवून घेतले. टोक रोज समोर दिसते. मी रोज देवाजवळ काय मागत असेन, ते तुम्हीच ओळखा. अजून काही मिळालेले नाही.

परवा ताई एक खोके घेऊन आली. नवे बूट होते, चिमणीच्या मापाचे. तिने कागद उलगडून दाखवले. चिमणी किती वेळ त्यांच्याकडे बघत राहिली.

"ताई, घाल ना मला. इथंच, पलंगावर."

"अगं, चादर घाण होईल. आणि पहिल्यांदा घालायचे ते त्या दिवशीच घालू. बरी झालीस की जाऊच."

ताईने कागद पुन्हा गुंडाळला, खोके बंद केले आणि पलंगाखाली सरकवले.

मित्रांनो, खोके माझ्यापासून हातभर अंतरावर आहे. त्या नव्या बुटांना अजून काही कळत नाही, आणि सांगायला मला वाचा नाही. तुमच्यापैकी कोणी कधी या घरी आलात तर एवढे करा. ते खोके उघडा आणि तिच्या पायांत ते बूट घाला. चादर घाण होऊ द्या.