पाच कोरे दिवस

ओठाच्या कडेला दुधाचा बुडबुडा, मोहरीएवढा. फुटत नाही, वाढतही नाही... म्हणजे आतून हवाच येत नाहीये. तिनं लेकीच्या छातीकडे पाहिलं. छाती हलत नव्हती.

पैलवान. हे नाव बापानं ठेवलेलं, लेक जन्मली जेमतेम सव्वा किलोची, आणि हा काचेच्या पेटीशी वाकून म्हणाला होता, "काय पैलवान, एवढी कसली घाई होती?" टाके दुखेपर्यंत हसली होती ती. आता नळीतून दूध उतरलं की थोड्या वेळानं घशाशी येतं, आणि कधीकधी पैलवान श्वास घ्यायचंच विसरतात. विसरतात हा डॉक्टरीणबाईंचा शब्द. दूध वर येण्यावरचं औषध त्यांनी बंदच केलं होतं. "त्यानं हे थांबणं काही कमी होत नाही हो. वाढू दे तिला, आपोआप जाईल." वाढू दे. म्हणजे आईनं काय करायचं, तर उभं धरून बसायचं आणि बघत राहायचं.

श्वास न थांबता सलग पाच दिवस गेले की घरी. मध्ये एकदा जरी थांबला की पुन्हा पहिल्यापासून. दोनदा चौथ्या दिवशी फिसकटलं होतं. आज पाचवा.

वीस सेकंद झाले की यंत्र ओरडतं, त्याच्या कागदावर खूण उमटते. मग तिच्या पायाचा तळवा घासायचा, त्याआधी हात लावायचा नाही, असं मोठ्या सिस्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलेलं. ती मोजत होती खरी, नऊ, दहा... पण बोट कुठलं ऐकायला, ते केव्हाच तळव्यावर गेलं होतं. एकदा घासलं. दोनदा. चौदा, पंधरा, आणि पैलवानानं दचकून श्वास घेतला. यंत्र गप्प. कागद कोरा.

मोठ्या सिस्टर वही घेऊन आल्या. "काय म्हणतेय आमची? दुपारचं नीट गेलं ना?"

सांगायला हवं. सिस्टर, थांबला होता, मी घासलं म्हणून... पण मी हात लावला नसता तरी आला असता की आपला आपण, सोळाव्याला, सतराव्याला? आला असता ना? सकाळपासून दोनदा ह्याचा फोन, उद्या गाडी किती वाजता आणू. आणि मी दीड महिना ह्याच खुर्चीत, पाठीचा भुगा झालाय माझ्या...

"नीट गेलं," ती म्हणाली.

"जमलं म्हणायचं पैलवानाला." सिस्टरांनी लिहिलं. "उद्या सुटलात एकदाच्या."

सुटलात. आणि काल दूध दिल्यावर तळवा चोळत बसले होते, ते लाडानंच ना? परवा? त्याच्या आदल्या दिवशी? तिला आठवेना. हे पाच दिवस नक्की काढले कुणी, हिनं की मी?

छाती हलत होती, अगदी नीट. बोट अजून तिथंच होतं. उचलून बघावं, वीस मोजेपर्यंत, फक्त एकदा. उचलते, आता उचलते, असं ती स्वतःला सांगत राहिली, आणि बोट आणखीच घट्ट टेकलं.