साहेबाचे स्वच्छ हात

मी एक जुनी वेताची छडी आहे. मित्रांनो, मला पाहून तुम्हाला शाळेतला मार आठवेल. पण माझी गोष्ट त्याहून फार घाणेरडी आहे.

दुसऱ्या महायुद्धात एका दूरच्या बेटावर मला जंगलातून तोडले, आगीवर शेकून सरळ केले आणि शत्रूने चालवलेल्या युद्धकैद्यांच्या छावणीतल्या एका शिपायाच्या हाती दिले. नागपूरचे सैनिक आनंदराव आणि त्यांचा मित्र श्रीधर तिथे कैदेत होते. भुकेल्या श्रीधरने एक रताळे उचलले. छावणीचा साहेब खुर्चीतूनच म्हणाला, "हा हलायचा थांबेपर्यंत मारा." शिपाई रडत होता, तरी मारत होता. श्रीधर हलायचा थांबला. त्याचे रक्त माझ्या पेरांत शिरले. मला माझीच किळस आली. ती आजही गेलेली नाही.

युद्ध संपल्यावर खटला उभा राहिला. मी पुरावा म्हणून टेबलावर होते. आनंदरावांनी शिपाई आणि साहेब दोघांचाही गुन्हा सांगितला. साहेब इस्त्रीच्या कपड्यांत उभा राहून म्हणाला, "मी त्या कैद्याला बोटही लावले नाही." शिपायाला फाशी झाली. साहेबाला थोडी वर्षे कैद झाली, पुढे तीही माफ झाली. खटला संपताच मला कचऱ्यात फेकले होते. मी पुन्हा कोणाच्या हाती पडू नये, म्हणून आनंदरावांनी मला उचलून घरी नागपूरला आणले. त्यांनी मला वापरून कधी कुत्रेही हाकलले नाही.

आता ते नाहीत. मागच्या महिन्यात त्यांची लेक सिंधूताई आणि तिची नात रितिका मला रितिकाच्या लॉ कॉलेजात घेऊन गेल्या. विद्यार्थी एका स्पर्धेसाठी तोच खटला पुन्हा चालवणार होते. आधी सगळ्यांनी माझ्यासोबत सेल्फी काढले. एकाने मला हवेत सपकन फिरवले आणि बाकीचे हसले. मग साहेबाचा वकील झालेला ऋषिकेश फार छान बोलला. निकाल लागला: शिपायाला फाशी, साहेब निर्दोष. टाळ्या पडल्या. मला शिसारी आली.

सिंधूताई उठल्या. "काहून गा, शिपायाले फाशी अन् साहेबाले सुट्टी?"

"आजी, साहेबानं हात कुठं लावला?" ऋषिकेश म्हणाला.

"माह्या बाबानं त्याचा हुकूम आपल्या कानानं आयकला. मारणारा दोषी होताच. पण मारायले लावणारा त्याच्याहून मोठा दोषी."

"मग दोघांलेही फाशी द्याची काय?" ऋषिकेशने विचारले.

"नाही गा. बाबाले फाशी कोणाचीच नोको होती. साहेबानं जन्मभर जेलात राहावं, अन् श्रीधरच्या मायले आपल्या तोंडानं सांगावं, का तुह्या पोराले म्या मारलं. थो काही आला नाही. मंग बाबाच गेले सांगाले. म्हातारीनं बाबालेच विचारलं, 'तू काहून वाचला?' मरेपर्यंत बाबाले त्याचं उत्तर नाही सापडलं."

मग माइकवरून कोणीतरी बक्षीस समारंभ पुकारला आणि पुन्हा टाळ्या सुरू झाल्या. रितिकाने मला ओढणीत गुंडाळले आणि आजीचा हात धरून ती बाहेर पडली.

मित्रांनो, जुन्या वस्तू तुम्हाला म्हणतात, आम्हाला जपा. मी म्हणत नाही. मला वाळवी लागली तरी चालेल. पण न्याय करायला बसाल, तेव्हा मारणारा सापडला म्हणून घाईने उठू नका. हुकूम सोडणाऱ्यालाही पिंजऱ्यात उभे करा.