वीस बाळंतपणांची वही

पावणं, एक विचारू? घरचं बाळंतपण अडलं तर भरवसा कशावर ठेवाल, दाखल्यावर की हातावर?

मी शिकाऊ नर्सची नोंदवही बोलतेय. जन्म कोल्हापुरात, एकाहत्तर साली, नृसिंह अप्पांच्या कागदाच्या दुकानात. अप्पा गिऱ्हाइकासमोर पानावर शाईचा थेंब टाकून दाखवायचे. फुटला तर ती वही विकायचेच नाहीत. माझ्यावरचा थेंब फुटला नाही, याचा मला केवढा तोरा!

मला घेतलं शाहूवाडीच्या कालिंदीनं. नर्सिंगचं तिचं शेवटचं वर्ष. नियम असा, की वीस बाळंतपणं स्वतःच्या हातानं करायची, माझ्यात लिहायची आणि सिस्टरची सही घ्यायची. वीस भरली की परीक्षा. पास झाली की गावाकडच्या दवाखान्यात नोकरी. घरचे त्याचीच वाट बघत होते.

पण वॉर्डातली रीत निराळी. एका बाळंतिणीभोवती पाच मुली. एक बाळ झेलायची, एक दिवा धरायची, बाकीच्या बघायच्या, आणि पाचही वह्यांत एकेक बाळंतपण चढायचं. महिनाअखेरीस सिस्टर एका दमात दहा सह्या करायच्या. त्यात खोटं आहे असं कुणालाच वाटत नव्हतं. मला तरी कुठं वाटत होतं? मी भरत चालले होते, त्यातच खूश.

एकोणीस भरली. विसावी गडमुडशिंगीची बाळाबाई, सकाळी दहाच्या सुमारास. नव्या शिक्षिका शालूबाई हात पाठीमागं बांधून उभ्या. मी खिडकीत.

बाळाचं डोकं आलं, आणि मानेभोवती नाळेचा वेढा. कालिंदी थिजली.

"सोडव की," शालूबाई हळू म्हणाल्या. "वहीत दोनदा सोडवलायस."

"न्हाई बाई. त्ये मी नुसतं बघितलंतं."

तशा कळांतही बाळाबाई कडाडली, "आन् आता माझ्यावर शिकतीस व्हय गं भवाने?"

शालूबाईंनी कालिंदीच्या हातावर आपला हात ठेवला. तिचं बोट नाळेखाली गेलं, वेढा अलगद डोक्यावरून निघाला. बाळ बाहेर आलं, निळसर, गप्प. मग रडलं.

'बाळ रडले' हे शब्द माझ्यात एकोणीस वेळा लिहिलेले होते. त्यांत एवढं मोठं काही असतं, हे मला त्या सकाळी कळलं. पानन् पान शहारलं माझं.

हात धुऊन कालिंदी आली आणि तिनं माझ्यातल्या अकरा नोंदी खोडल्या. विसावी लिहिलीच नाही. राहिल्या आठ.

"परीक्षा हुकंल," शालूबाई म्हणाल्या. "सहा महिनं जातील."

"जाऊ देत. गावात माझ्या हातावर हात ठेवायला तुम्ही नसणार."

शालूबाईंनी मला उचलून थेट मेट्रनबाईंच्या टेबलावर ठेवलं, ते पान उघडून. पुढच्या वर्षीच्या वह्यांत तीन रकाने आले : बघितलं, मदत केली, स्वतः केलं. सही त्याच दिवशी, समोर उभ्या असलेल्या शिक्षिकेची. कालिंदी सहा महिन्यांनी पास झाली आणि गावी गेली.

मी आता नर्सिंगच्या शाळेच्या कपाटात असते. दरवर्षी नव्या मुलींना माझं पान दाखवतात. कुणी हसतं, कुणी खोडलेल्या ओळी मोजतं.

पावणं, कुठल्याही कामाची असो, अशी वही तुमच्याही हातात येईल. हिशेब खरा ठेवा. नुसतं बघितलं असेल तर तसंच लिहा, त्यात कमीपणा नाही. आणि तिसरा रकाना रिकामा राहिला, तर राहू द्या.