बिनसाखरेचा पेला

धाकटीने दालचिनीचा तुकडा खलबत्त्यात टाकला आणि असा काही ठेचला, की बाहेरच्या खोलीतलं शिवणयंत्र थांबलं.

"शास्त्रज्ञबाई, चहा करताय की भिंत पाडताय?"

"विसावा प्रयोग आहे, बाबा! तुम्ही गुपचूप काजं घाला."

बाबा शिंपी. बाहेरची खोली हेच त्यांचं दुकान. मशीनवर काज कुणीही घालतं, पण बाबांची हाताने घातलेली काजं बघायला लोक कोट उलटा करून खिडकीशी उभे राहायचे. त्यांना नजरेपेक्षा बोटांचा भरवसा जास्त; स्वतः मात्र ते खिडकीच्या उजेडाकडे पाठ करूनच शिवायला बसत. धागा किती ताणला ते बोटालाच कळतं, असं ते म्हणायचे.

वीस दिवसांपूर्वी डॉक्टरांनी त्यांची साखर बंद केली, तेव्हा धाकटी शेजारीच बसली होती. "हातांना बधिरपणा? चटका, टोचणं कळतं ना नीट?" असंही डॉक्टरांनी विचारलं होतं.

"छे! शिंप्याचे हात आहेत, साहेब," बाबा हसले होते.

घरी आल्या आल्या आईने साखरेचा डबा माळ्यावर टाकला. बाबांचं तोंड एवढंसं झालं. तेव्हापासून शाळेतून आल्यावर चहा धाकटीचा. साखरेशिवाय गोड लागेल असा चहा करायचाच, असा तिने विडा उचलला होता. लवंगांच्या दिवशी आई म्हणाली, "हे दंतमंजन कुणी उकळलं?" आल्याच्या दिवशी बाबांना ठसका लागला. आज मात्र बडीशेप तव्यावर भाजून घेतली होती, वेलची सालासकट, दालचिनी नखाएवढी. वासच असा सुटला की धाकटीने ओट्यापाशी एक गिरकी मारून घेतली.

उकळता चहा तिने बाबांच्या स्टीलच्या पेल्यात गाळला आणि ताटलीवर ठेवून धावतच बाहेर नेला. बाबांनी पेला उचलला, तळहातात धरला आणि फुंकर मारली.

"वा! याला म्हणतात चहा. नापास होता होता पहिली आलीस की गं!"

धाकटी फुशारून काहीतरी बोलणार होती. तेवढ्यात तिला आठवलं, चिंधी आणलीच नाही. उरलेल्या तुकड्यांची एक चौकोनी, दुहेरी चिंधी बाबांनीच शिवली होती. पेला तिच्यात गुंडाळल्याशिवाय ते कधी हात लावत नसत. ती आत ओट्यावर राहिली होती.

बाबा मजेत घोट घेत होते. पेला मुठीत घट्ट.

"बघू," म्हणत तिने पेल्याला बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं. बोट तोंडात घालून ती बाबांच्या हाताकडे बघत राहिली. तळवा लालबुंद झाला होता. मांडीवरच्या पांढऱ्या कोटाच्या काजाशी तांबडे ठिपके होते, टाचणीच्या डोक्याएवढे. असे ठिपके परवाही दिसले होते. तेव्हा बाबा म्हणाले होते, चहा उडाला असेल.

"काय गं? एवढी काय बघतेस?"

"काही नाही. वेलची जास्त झाली का?"

"अजिबात नाही."

दुसऱ्या दिवशी दालचिनी ठेचल्याचा आवाज फारसा आला नाही. धाकटीने ताटलीत कानाचा कप आणला.

"आज पेला नाही?"

"पेला तापतो, बाबा."

बाबांनी कपाच्या कानात बोट घालायला हात पुढे केला. बोट दोनदा चुकलं. मग त्यांनी मान खाली घालून, नजरेने बघून, ते नीट बसवलं. चहा मात्र प्यायले नाहीत.

"आईला सांगितलंस?"

"अजून नाही. आधी तुम्ही डॉक्टरांना सांगायचं. खरं खरं. उद्या शाळेआधी जाऊ, मी येते."

"आणि हे कोट?"

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. चहावर साय धरली.

बाबांनी कप बाजूला ठेवला. खण उघडून त्यांनी पितळी अंगुस्तान काढलं. सुई बोचू नये म्हणून बोटात घालायचं हे टोपण त्यांनी उभ्या जन्मात वापरलं नव्हतं. त्याने बोट आंधळं होतं, म्हणायचे. ते त्यांनी धाकटीच्या मधल्या बोटात घातलं. ते सैल होऊन गोल गोल फिरलं.

"चिंधी आण आतली," ते म्हणाले. "कात्रीने एक तुकडा काप आणि आत कोंब. मग बसेल."

ती उठली. मागून बाबा हळूच म्हणाले, "आणि उजेडाकडे तोंड करून बस. माझ्यासारखी नको."